पहिल्या बॅचची भानगड

चौदा वर्षं हिंजवडीतल्या लॅबमध्ये रेणू बनवतोय. त्यातला एकही अजून गोळीपर्यंत पोचलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जानेवारीत एक पिरिडिन (नायट्रोजनवालं कडं) नेगिशी कपलिंगने जोडलं, म्हणजे झिंक वापरून दोन तुकडे सांधायच्या पद्धतीने. याला कोरडी हवा लागते. झिंक क्लोराइड इतकं पाणी ओढतं, की वजन करता करता काट्यावरच त्याचा चिकट डाग होतो. मी ते फ्लास्कमध्येच व्हॅक्यूमखाली वितळवलं आणि गार झाल्यावर टीएचएफ हे द्रावक सोडलं. यील्ड 71 टक्के, एलसीएमएस या शुद्धतेच्या तपासणीला एकच पीक. सिस्टीन प्रोटिएज या गंधकवाल्या एन्झाइमला रोखायचा आकडा आला 2 मायक्रोमोलर; जितका कमी तितका चांगला. क्लायंटने लगेच 10 ग्रॅम मागितलं.

तोवर आषाढ लागला. पावसात झिंकशी कोण झुंजणार? ज्युनिअरला म्हटलं, सुझुकीने कर, तोच जोड झिंकऐवजी बोरॉनने. बोरॉनिक अ‍ॅसिडला पाण्याचं वावडं नाही, उलट डायॉक्झेनमध्ये आपणच पाणी घालतो. (2010 चं नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकींना एकत्र मिळालं, आम्ही मात्र हवा बघून निवडतो.) तिचा माल माझ्यापेक्षा पांढरा निघाला. आणि 100 मायक्रोमोलरलाही एकदम थंड, एन्झाइमवर काहीच परिणाम नाही.

आमच्याकडे रेणू चालेनासा झाला की आधी सगळ्यात कमी पगाराचा माणूस तपासतात. तिने तीनदा कॉलम केला, म्हणजे माल पुन्हा पुन्हा शुद्ध केला. मीही म्हणालो, "परत एकदा बघ."

मग एका संध्याकाळी दोन्ही मालांचे एनएमआर (रेणूची रचना दाखवणारे आलेख) एकावर एक ठेवले. जानेवारीच्या मालात पिरिडिनचे सिग्नल जरा रुंद होते. तेव्हा मी सोडून दिलं होतं. धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएसला पाठवलं: वजनाने जवळजवळ 3 टक्के झिंक! असेमध्ये, म्हणजे एन्झाइमच्या चाचणीत, धातू पकडून ठेवणारा ईडीटीए टाकताच अ‍ॅक्टिव्हिटी गायब. एन्झाइमच्या गंधकाला झिंकच धरत होतं, रेणू नुसता हमाल. अशा बफरमध्ये ईडीटीए घालायची पद्धत आहे. आमच्या बायोलॉजीवाल्यांनी का घातला नव्हता, हे मीटिंगमध्ये कोणी विचारलं नाही.

माझंही विचारलं नाही. वर्कअपमध्ये (रिअ‍ॅक्शननंतरच्या धुण्यात) ईडीटीएने धुतलं की झिंक पाण्यात उतरतं. त्या दिवशी फनेलमध्ये इमल्शन झालं होतं, थर सुटेनात, साडेपाचची बस खाली उभी. ब्राइनने (मिठाच्या पाण्याने) एकदा हलवलं आणि निघालो. नोटबुकात लिहिलंय, 'वर्कअप नेहमीप्रमाणे', खाली माझी सही.

ज्युनिअरला ते पान अजून दाखवलेलं नाही.