.२२ सेमी-ऑटोसाठी वेगवान काडतूस निवडताना

.२२ लाँग रायफल हे काडतूस वापरणाऱ्या सेमी-ऑटोला (प्रत्येक गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीला) स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे साध्या वेगाचं काडतूस दिलं की बऱ्याचदा पहिल्या काही गोळ्या व्यवस्थित जातात आणि मग काडतुसाची रिकामी पुंगळी बोल्टच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या) तोंडात उभी अडकते. त्यावर ‘जास्त वेगाचं काडतूस घ्या’ हा सल्ला लगेच मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे.

या रायफलींत बोल्टला कुलूप नसतं. दारूचा वायू गोळीला पुढे आणि पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी बोल्टला रेटते. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढंच त्याला अडवायला असतं. म्हणजे बोल्ट किती मागे जाणार हे नुसत्या वेगावर ठरत नाही, गोळीचं वजन आणि वेग मिळून ठरतं. म्हणून मी डब्यावरचे दोन्ही आकडे घेऊन त्यांचा गुणाकार करतो. सीसीआय कंपनीचं स्टँडर्ड काडतूस ४० ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक), १,०७० फूट प्रति सेकंद: ४२,८००. तिचेच इतर प्रकार: मिनी-मॅग ४० ग्रेन, १,२३५ फूट: ४९,४००. स्टिंगर ३२ ग्रेन, १,६४० फूट: ५२,४८०. व्हेलॉसिटर ४० ग्रेन, १,४३५ फूट: ५७,४००. क्वाएट-२२ मध्ये गोळी तीच ४० ग्रेनची, पण वेग ७१०, म्हणून २८,४००. बहुतेक सेमी-ऑटोंत त्यावर बोल्ट हाताने ओढावा लागतो. बाहेर पडणाऱ्या वायूचा वाटा या हिशोबात नाही, तरी क्रम लावायला तो पुरतो. स्टिंगरचा वेग मिनी-मॅगपेक्षा ४०० फुटांनी जास्त असूनही बोल्टला मिळणारा धक्का थोडाच वाढतो, हे इथे दिसतं. उलट अ‍ॅग्विला कंपनीचं ६० ग्रेनचं एसएसएस काडतूस फक्त ९५० फुटांनी जातं, पण गुणाकार ५७,००० येतो. बोल्ट त्यावर चालतो; मात्र आतल्या पिळदार खाचांचा १६ इंचांत एक फेरा असलेल्या नेहमीच्या नळीत इतकी लांब गोळी स्थिर राहत नाही, लक्ष्याच्या कागदावर आडवी भोकं पडतात.

काडतूस बदलण्याआधी रायफल स्वच्छ असणं महत्त्वाचं. .२२ ची दारू आणि गोळीवरचं मेण चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेला कडक थर धरतात. पुंगळी त्यात चिकटली की बोल्टचा जोर तिला सोडवण्यातच जातो. चेंबर ब्रशने घासायचं, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) खाचेतला मळ काढायचा, बोल्ट घसरतो त्या कडांना तेलाचा एकेक थेंब. जास्त तेल नको, त्यात काजळी कालवली जाते. थंडीत घट्ट तेल आणि ग्रीसही बोल्टला मंदावतात. निम्म्या तक्रारी इथेच संपतात असं माझं मत आहे.

मग चाचणी. प्रत्येक प्रकाराची ५० काडतुसं, मॅगझिन दर वेळी पूर्ण भरून. भरलेल्या मॅगझिनमधलं सर्वांत वरचं काडतूस बोल्टच्या पोटाला जास्त घासतं, त्यामुळे अशक्त काडतूस तिथे आधी उघडं पडतं. काय बिघडलं ते नेमकं पाहायचं, कारण उपाय वेगवेगळे आहेत. पुंगळी नीट बाहेर पडली पण बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद झाला, तर तो पुढचं काडतूस उचलण्याइतका मागे गेला नाही किंवा मॅगझिनने ते वेळेत वर आणलं नाही. दुसरं मॅगझिन लावलं की कोण दोषी ते कळतं. पुंगळी उभी अडकली किंवा पायाशीच पडू लागली तर धक्का कमी पडतोय. पुंगळी चेंबरमध्येच राहिली तर मळ किंवा झिजलेला एक्स्ट्रॅक्टर, आणि अशा वेळी जास्त वेगाचं काडतूस लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

रिमवर (पुंगळीच्या बुडाच्या कडेवर) खूण उमटली आणि बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. आवाज नेहमीपेक्षा बसका आला तर पुढची गोळी अजिबात झाडायची नाही. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, नळी आरपार दिसते का ते मागून पाहा. सेमी-ऑटोत पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये येऊ शकतं, म्हणून ही सवय इथे जास्त महत्त्वाची. नळीत गोळी अडकलेली असताना दुसरी झाडली तर नळी फुगते.

स्टिंगरबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याची पुंगळी नेहमीच्या लाँग रायफलपेक्षा दोन मिलिमीटरहून जास्त लांब असते. साध्या चेंबरमध्ये चालते, पण नेमबाजी स्पर्धांसाठीच्या आखूड, घट्ट मॅच चेंबरमध्ये तिचं तोंड नळीच्या खाचांत दाबलं जातं आणि दाब वाढतो. तुमची नळी मॅच प्रकारची असेल तर स्टिंगर नको. माहितीपुस्तिका आधी वाचा.

अचूकतेचा हिशोब वेगळाच. २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सुमारे १,१२५ फूट प्रति सेकंद. मिनी-मॅग त्याच्या वरून निघते आणि साधारण ५० मीटरच्या आतच खाली येते. या ओलांडणीत गोळीला हेलकावे बसतात आणि १०० मीटरवर घोळका (कागदावरच्या भोकांचा पुंजका) पसरतो. स्टँडर्ड गोळी सुरुवातीपासूनच त्याखाली असते. वाऱ्याचंही तसंच: आडव्या वाऱ्यात या वेगवान .२२ गोळ्या १०० मीटरवर स्टँडर्डपेक्षा जास्त सरकतात, कारण वारा किती ढकलेल हे हवेमुळे गोळी किती रेंगाळली यावर ठरतं, आणि ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा रोध झपाट्याने वाढतो. अनेकांना हे पटत नाही, पण वाऱ्याच्या दिवशी दोन्ही डबे शेजारी ठेवून झाडले की कागदावरच दिसतं.

त्यामुळे माझा नियम असा: रायफल पूर्ण मॅगझिन अडथळ्याशिवाय चालवते त्यांपैकी सर्वांत कमी जोराचं काडतूस घ्यायचं. बहुतेक रायफलींत ते ४० ग्रेन आणि १,२०० ते १,२५० फुटांच्या आसपास, तांब्याचा मुलामा असलेलं ठरतं. मुलाम्यामुळे मॅगझिन आणि फीड रॅम्पवर (काडतूस चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) शिशाचा चिकटा कमी बसतो. व्हेलॉसिटरसारखं जोरदार काडतूस सतत वापरलं तर बोल्ट मागच्या पिनेवर जोरात आपटतो, आणि कधी इतक्या लवकर परततो की मॅगझिनने काडतूस वर आणलेलंच नसतं. म्हणजे अति जोरानेही तोच अडथळा येतो.

घोळके तपासताना ५० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे निदान पाच घोळके घ्या. एका घोळक्यावरून काहीच ठरत नाही. नवा प्रकार लावल्यावर आधी एक मॅगझिन मोजणीबाहेर झाडा, नळीत जुन्या गोळीचं मेण असतं. स्टँडर्डवरून मिनी-मॅगवर गेलात की गोळी ५० मीटरवर दोन-तीन सेंटिमीटर वर लागेल, दुर्बीण पुन्हा जुळवा. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर तो नळीपासून सुमारे तीन मीटर पुढे ठेवा आणि सरासरीपेक्षा सर्वांत मंद गोळीचा आकडा पाहा, कारण अडकवणारी तीच असते. स्वस्त मोठ्या डब्यांत हा फरक जास्त आढळतो. पसंत पडलेल्या डब्याचा लॉट (एकाच वेळी बनलेल्या मालाचा) क्रमांक लिहून ठेवा आणि मिळाला तर त्याच लॉटचे डबे घ्या. लॉट बदलला की निदान पूर्ण मॅगझिनची चाचणी पुन्हा करा.