‘संपलं’ हा शब्द मोजायचा की नाही?

चिरंजीवांच्या बॅगेतून नर्सरीने एक फॉर्म पाठवला होता. वय दोन वर्षं, दोन महिने. ‘संवाद’ या मथळ्याखाली सहा प्रश्न, आणि त्यातल्या चारांपुढे शेवटच्या चौकोनात खूण: ‘अजून नाही’. खाली शेऱ्यात लिहिलं होतं की तो दाराजवळ उभा राहून गाडीचे आवाज काढतो.

गाडीचे आवाज! तो ‘भूर’ म्हणत होता हो. भूर ने म्हणून सांगत होता बिचारा, रोज, दाराशी उभा राहून. आणि त्या प्रेमळ बायका त्याच्या हातात खेळण्यातली मोटार देत होत्या.

मी आधी हसले, मग रडले, मग भांडायच्या तयारीला लागले. हाच क्रम होता.

इथे इंग्लंडमध्ये दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाची अशी पाहणी होते. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे या कामाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेली नर्स, ती करते. त्यासाठी ‘एजेस अँड स्टेजेस’ नावाची प्रश्नावली असते. बोलणं, मोठ्या हालचाली, हाताची बारीक कामं, अडचण सोडवणं आणि माणसांत वावरणं असे पाच भाग, प्रत्येकात सहा प्रश्न. ‘हो’ला 10 गुण, ‘कधीकधी’ला 5, ‘अजून नाही’ला शून्य. दहावीनंतर मार्कांचं एवढं टेन्शन मी घेतलं नव्हतं.

बाकीचे भाग आमच्या घराण्याला शोभतील असे गेले. दोन्ही पाय उचलून उडी: हो. पुस्तकाचं एकेक पान उलटणं: हो, आणि मधूनच फाडणंही, पण ते कोणी विचारलं नाही. बटण चालू-बंद करता येतं का? इथे भिंतीतल्या सॉकेटला आपल्यासारखंच बटण असतं. माझी मीटिंग ऐन रंगात असताना त्याने राउटरचं बटण बंद केलं, तेव्हा हा टप्पा पार पडल्याची नोंद माझ्या पूर्ण टीमने घेतली.

चालायला मात्र त्याने सोळा महिने लावले होते. तेव्हाही मी रात्री जागून वाचत बसले होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुलं आधाराशिवाय चालू लागण्याचा पल्ला 8.2 ते 17.6 महिने आहे. त्या पाहणीत घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका यांच्या बरोबरीने भारतातलीही मुलं होती, हे वाचून मला का कोण जाणे, फार बरं वाटलं. त्यातली 4.3 टक्के मुलं तर रांगलीच नव्हती. म्हणजे पल्ला मोठा असतो हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या पोराच्या नावापुढे ‘अजून नाही’ वाचणं वेगळं.

हेल्थ व्हिजिटर घरी आली ती सरळ जमिनीवर मांडी घालून बसली. आपल्यासारखी पक्की मांडी नाही, पण प्रयत्न चांगला होता. ठोकळे काढले. प्रश्नावलीत सात ठोकळ्यांचा मनोरा विचारतात, याने नऊचा रचला आणि तिच्याकडे बघत बघत पाडला. मग तिने मला विचारलं, घरी कोणती भाषा बोलता?

मी एकदम सावरून बसले. वाटलं, आता सांगणार की इंग्रजी सुरू करा. माझं उत्तर गेले दोन महिने तयार होतं, आवाज चढवायची जागासुद्धा ठरलेली होती. तर ती म्हणाली, मग मराठी शब्द धरलेच नाहीत का कुणी? सगळे धरायचे. मराठी, इंग्रजी, तोडके-मोडके, सगळे. कुत्रा दिसला की दर वेळी भू-भू म्हणत असेल तर तोही शब्द. एकाच गोष्टीला दोन्ही भाषांत नाव येत असेल तर दोन शब्द. (आमच्याकडे चेंडूला मीसुद्धा बॉलच म्हणते, त्यामुळे तिथला एक गेला.) आणि घरी मराठीच बोला म्हणाली, दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. माझं तयार भाषण वाया गेलं.

मग फ्रिजवर कागद चिकटवला आणि यादी सुरू झाली. काऊ, चिऊ, बाऊ, भूर, नको, अजून, वर, बंद. संध्याकाळपर्यंत चाळीस. आणि मग आलं ‘संपलं’.

प्रश्नावलीत विचारतात की मूल दोन वेगवेगळ्या अर्थांचे शब्द जोडून बोलतं का. सोबत तंबी आहे की इंग्रजीतलं ‘ऑल गॉन’ धरू नका, कारण शब्द दोन असले तरी कल्पना एकच. ठीक. मराठीत तो शब्दही एकच: संपलं. पण माझा मुलगा बॉल ‘पडला’ म्हणतो, बाहुली ‘पडली’ म्हणतो आणि पुस्तक ‘पडलं’ म्हणतो. इंग्रजी पोराला या तिन्हींना एकच शब्द पुरतो. माझ्या पोराने काय पडलं ते न सांगता त्याचं लिंगही सांगून टाकलं, त्याचे गुण कोण देणार? ‘दे ना’ हे दोन शब्द की एक? आणि ‘नकोय’? मराठीत क्रियापदातच अर्धं वाक्य दडलेलं असतं, हे मी नवऱ्याला रात्री साडेअकरा वाजता ऐकवलं. तो म्हणाला, अगं, ‘बाबा गेला’ म्हणतो ना, मग तेच लिही की. लिहिलं. पण मुद्दा तो नव्हताच.

नव्याने मोजल्यावर गुण वाढले, तरी जेमतेम काठावर. म्हणून हेल्थ व्हिजिटरने श्रवणचाचणी सुचवली, आणि मी पुन्हा चिडले. दुसऱ्या खोलीत फोन वाजला तर उचलून आणून देणारं मूल आहे माझं! ती शांतपणे म्हणाली, आवाज ऐकू येणं आणि बोलण्यातली अक्षरं स्वच्छ ऐकू येणं यांत फरक असतो. या वयात कानात पडद्यामागे चिकट द्रव साठतो, तो येतो-जातो, घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

आईला फोन केला तर ती म्हणाली, “बोलेल गं.” झालं. निदान, उपचार, समुपदेशन, सगळं त्या दोन शब्दांत. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तेच हवं होतं.

आपल्याकडे यातलं काही नाही असं कुणी इथे म्हणालं की मात्र माझा पारा चढतो. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी भारतातल्याच बाळांवर तपासून ‘डासी’ ही विकासाची मोजपट्टी तयार केली. अंगणवाडीतून मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे चित्रांसकट छापलेले असतात. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातला उशीर तपासणं येतंच. पण तिथे असते तर त्या कार्डावरच्या लसींच्या तारखांपलीकडे मी पाहिलं असतं का? आणि काठावरचे गुण आले असते, तर “बोलेल गं”वर वर्ष काढलं नसतं का? बहुधा काढलं असतं. कदाचित तो तरीही असाच बोलायला लागला असता.

कान उत्तम निघाले. आता तो पावणेतीन वर्षांचा आहे आणि थांबत नाही. नवी अडचण कुठल्याच प्रश्नावलीत नाही. दिवसभर मराठी ऐकतो ती फक्त माझी, त्यामुळे स्वतःबद्दल बोलतो तो थेट माझ्यासारखा: मी येते, मी करते, मी पडले. आईने व्हिडिओ कॉलवर ते ऐकलं आणि या वेळी “बोलेल गं” काही म्हणाली नाही. “जावयांना सांग, घरात जरा तोंड उघडा,” म्हणाली.

तेव्हापासून नवरा कामावरून आला की दारातच उभं राहून ठणकावून सांगतो, “मी आलो!”

आतून तितक्याच जोरात उत्तर येतं, “मी पण आले!”