तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरी बदलली की नुसता एमएएचचा आकडा बदलून का भागत नाही

"जुनी बॅटरी ८५०ची होती, नवी ९००ची आहे. एक आकडा बदलायचा, त्याला आठ-दहा दिवस कशाला?" हा प्रश्न मला खरेदी विभागाने विचारलाय, नव्याने रुजू झालेल्या मुलांनी विचारलाय, भर मीटिंगमध्ये सगळ्यांदेखतही विचारलाय. आमच्या यंत्रांचं फर्मवेअर, म्हणजे आत चालणारा प्रोग्राम, मी लिहिते. दर वेळी मी तुटक उत्तर देते आणि समोरच्याची खात्री पटते की ही बाई उगाच काम वाढवते. म्हणून आज एकदा नीट लिहिते.

पहिली गोष्ट, एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) हा आकडा प्रत्येक गेज चिपला, म्हणजे बॅटरी किती टक्के उरली ते सांगणाऱ्या चिपला, कळतोच असं नाही. मॅक्स१७०४८ घ्या. त्यात एमएएच लिहायला जागाच नाही. ती करंट मोजत नाही, फक्त व्होल्टेज बघते आणि आतल्या तक्त्याशी ताडून टक्के सांगते. तो तक्ता तुमच्या सेलशी जुळला तर टक्के बरोबर. नाही जुळला तर ८५०चं ९०० झाल्याने तिला काहीच फरक पडत नाही, आणि चूक मात्र तशीच राहते. लिपोचा, म्हणजे लिथियम-पॉलिमर सेलचा, मधला पट्टा, म्हणजे साधारण ३.७ ते ३.८ व्होल्टचा, इतका सपाट असतो की काही मिलिव्होल्टच्या फरकात कित्येक टक्के इकडचे तिकडे होतात.

आम्ही वापरतो ती बीक्यू२७४४१. ती करंट मोजते, व्होल्टेजही बघते, आणि सेलचा अंतर्गत रोध शिकत जाते. तिला एमएएच सांगावे लागतात, पण ते एकटे सांगून चालत नाही. डिझाइन कपॅसिटी (हेच एमएएच) बदलली की डिझाइन एनर्जी बदलायची, म्हणजे तोच आकडा गुणिले ३.७. टर्मिनेट व्होल्टेज, म्हणजे ज्याला गेज बॅटरी संपली असं धरते ते, आपल्या सर्किटप्रमाणे ठरवायचं: फॅक्टरीतून ते ३२०० मिलिव्होल्ट येतं, पण आमचं यंत्र ३४०० च्या आसपासच मान टाकतं, त्यामुळे त्याखालची बॅटरी आमच्यासाठी नसल्यातच जमा. टेपर रेटही बघायचा. चार्जर ज्या करंटला थांबतो त्याच्या थोडी वरची मर्यादा गेजला दिली नाही, तर बॅटरी पूर्ण भरल्याचं तिला कधी कळतच नाही. आणि हे सगळं लिहिताना बाइट्सचा क्रम उलटा. चिपमधले साधे रजिस्टर (आकड्यांचे कप्पे) वाचताना खालचा बाइट आधी येतो, कॉन्फिगरेशनच्या ब्लॉकमध्ये वरचा आधी. ८५० म्हणजे ३ आणि ८२ (३ गुणिले २५६, अधिक ८२). उलटे लिहिले की होतात २०,९९५. चेकसम, म्हणजे बाइट्सच्या बेरजेवरची तपासणी, तरीही बरोबर येतो, कारण बेरजेला क्रम कळत नाही.

यातल्या कशानेच सुटत नाही ती अडचण रसायनाची. ४.२ व्होल्टला भरणारा सेल आणि ४.३५ ला भरणारा सेल बाहेरून सारखेच दिसतात, लेबलवर दोन्हींना लिपोच म्हणतात. बीक्यू२७४४१ मध्ये ४.२ साठी जी१ए आणि वरच्या व्होल्टेजसाठी जी१बी अशा दोन वेगळ्या चिप येतात, आणि आतलं प्रोफाइल, म्हणजे सेलच्या रसायनाचा तक्ता, फर्मवेअरमधून बदलता येत नाही. बीक्यू२७४२६ या दुसऱ्या गेज चिपमध्ये तीन प्रोफाइल आहेत, त्यातून निवडता येतं, पण निवडायला सेल कोणता हे आधी माहीत हवं. म्हणून ऑर्डर जाण्याआधी मला विचारा असं मी म्हणते. बॅटऱ्या स्टोअरमध्ये येऊन पडल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

इथवर जे लिहिलं ते डेटाशीट वाचून कुणीही सांगेल. मी या कामात एवढी हट्टी का झाले ते मात्र डेटाशीटमध्ये नाही.

कमरेला लावायचं हवेचे नमुने घेणारं एक यंत्र आम्ही केलं होतं. आत छोटा पंप, समोर फिल्टर. धुळीत काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर ते आठ तासांची अख्खी पाळी चालायचं आणि मग फिल्टरचं वजन व्हायचं. पंप मध्येच थांबला तर त्या दिवसाचा नमुना वाया. बॅटरी ८५०ची, पंप साधारण १२० मिलिअँपिअर खायचा. म्हणजे एका चार्जमध्ये पाळी पुरी होत नाही हे आम्हाला माहीत होतं, आणि म्हणूनच सूचना होती: जेवणाच्या सुट्टीत पन्नास टक्क्यांच्या खाली दिसलं तर अर्धा तास चार्जिंगला लावा.

एके दिवशी तिथल्या सुरक्षा अधिकारी बाईंचा फोन आला. पंप बंद पडला होता, दुसऱ्या सत्रात अडीच तासांनी. "मॅडम, सुट्टीत चौसष्ट टक्के होते. म्हणून लावलं नाही चार्जिंगला."

मी म्हणाले, "सकाळी पूर्ण चार्ज झालं नसेल."

"शंभर दाखवत होतं, मॅडम. मी स्वतः बघून दिलं."

मी पुन्हा तेच म्हणाले, दुसऱ्या शब्दांत. केबल नीट बसली नसेल, कुणीतरी मध्येच काढलं असेल. त्या गप्प झाल्या. नंतर कळलं की त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला होता, आणि त्यात त्यांनी माझं वाक्य लिहिलं होतं: "बनवणाऱ्यांच्या मते चार्जिंग अपुरे झाले असावे."

यंत्र परत आलं तेव्हा मी त्यातली नोंद उघडली. दर मिनिटाला एक ओळ, टक्के आणि मिलिव्होल्ट. शेवटची ओळ: ४१ टक्के, ३४१२ मिलिव्होल्ट. पुढे काही नाही. ४१ टक्के शिल्लक असताना इतकं खाली येणारा ८५०चा सेल मी पाहिलेला नव्हता. मी सेल काढून वेगळा मोजला. सेल चांगला होता. मग उलटीकडून हिशेब केला. सहा तास पस्तीस मिनिटं, १२० मिलिअँपिअर, म्हणजे ७९० एमएएच बाहेर गेले. गेजच्या मते हे ५९ टक्के. मग तिच्या मते शंभर टक्के किती? ७९० भागिले ०.५९. सुमारे १३४०.

१३४० हा आकडा माझ्या कोडमध्ये कुठेच नव्हता. तो चिपचा फॅक्टरीचा आकडा आहे.

या चिपचं कॉन्फिगरेशन रॅममध्ये असतं. वीज गेली की ते पुसलं जातं आणि चिप मूळच्या आकड्यांवर जाते. तसं झालं की ती एक फ्लॅग, म्हणजे इशाऱ्याची खूण, उभा करते, आयटीपीओआर नावाचा, आणि होस्टने, म्हणजे यंत्राच्या मुख्य चिपने, तो बघून सगळं पुन्हा लिहायचं असतं. डेटाशीटमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. चिपचा यात काडीचाही दोष नाही. मी तो फ्लॅग बघत नव्हते. मी यंत्राच्या फ्लॅश मेमरीत, जी वीज गेली तरी पुसली जात नाही, स्वतःची खूण ठेवली होती, 'गेज कॉन्फिगर झालं', आणि ती दिसली की पुढे जायचं. ते यंत्र काही महिने कपाटात पडून होतं. बॅटरी उतरत उतरत तिच्या संरक्षक सर्किटने तिला तोडलं, गेजची वीज गेली. मग कुणीतरी चार्जिंगला लावलं. गेज १३४० घेऊन जागी झाली. माझी खूण मात्र जागच्या जागी होती.

टेबलावर हे कधीच दिसलं नाही, कारण दर वेळी नवं फर्मवेअर भरताना मी अख्खी फ्लॅश पुसायचे. खूणही पुसली जायची, कॉन्फिगरेशन नव्याने लिहिलं जायचं. माझ्यासमोर ते यंत्र कायम बरोबर वागलं.

मी त्या बाईंना फोन करून चूक कबूल केली, लेखीही दिलं. त्या "ठीक आहे मॅडम" म्हणाल्या. ते ठीक नव्हतं. पहिल्या फोनवर मी त्यांचं ऐकून घ्यायला हवं होतं, कारण त्या फोनवरच त्यांनी मला दोन अचूक आकडे दिले होते, शंभर आणि चौसष्ट. मधला वेळ चार तासांचा. ४८० एमएएच गेले आणि गेजने ३६ टक्के मोजले. तिथेच भागाकार केला असता तर १३३३ आले असते. कागद-पेन्सिलचं काम होतं.

तेव्हाची मी म्हणायची की टक्के ही शोभेची गोष्ट आहे, खरं काम व्होल्टेजवर चालतं, चार दांड्या दाखवा आणि विषय संपवा. तिचं मत अगदीच टाकाऊ होतं असं मला आजही म्हणवत नाही. चार दांड्या असत्या तर त्या बाई सुट्टीत चार्जिंगला लावून मोकळ्या झाल्या असत्या. 'चौसष्ट' या आकड्याने त्यांना भरवसा दिला, आणि तो भरवसा मी तपासला नव्हता. पण पंप सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं, थांबला की वर येतं, दांड्या नाचतात, आणि मग लोक त्यांच्याकडे बघणंच सोडतात. हेही मी पाहिलंय.

आता दिवसांचं. नवा सेल आला की मी तो पूर्ण भरते, दोन तास स्वस्थ ठेवते, मग यंत्राच्या खऱ्या लोडवर शेवटपर्यंत उतरवते, पाच तास स्वस्थ ठेवते, आणि पुन्हा भरते. त्या विश्रांतीतच गेजला खरं ओपन सर्किट व्होल्टेज (लोड नसतानाचं व्होल्टेज) दिसतं आणि ती क्षमता शिकते. हे एका सेलवर नाही, निदान चार-पाच सेलवर, आणि थंडीतही, कारण थंडीत रोध वाढतो आणि पंप सुरू होण्याचा झटका सेलला झेपत नाही. मग बॅटरी उपसून पुन्हा लावते, पूर्ण उतरवून संरक्षक सर्किट तोडू देते, आणि दर वेळी गेजमधली कपॅसिटी परत वाचते. लिहिली म्हणून सोडून देत नाही. याला आठ दिवस लागतात. कधी दहा.

एवढं करूनही, बाहेर कुणी भलत्याच क्षमतेची बॅटरी लावली तर माझ्या फर्मवेअरला ते कळत नाही. ते इमाने इतबारे ८५० लिहितं. बॅटरीच्या कनेक्टरवर बॅटरी कोणती ते ओळखण्यासाठी एक रेझिस्टर टाकावा असं मी दोनदा सुचवलं, दोन्ही वेळा तिसऱ्या वायरचा खर्च आडवा आला. वापरणाऱ्याला पडद्यावर क्षमता विचारावी तर तो लेबल वाचून सांगणार, आणि सारख्याच लेबलचे दोन पुरवठादारांचे सेल माझ्या टेबलावर शंभर एमएएचच्या फरकाने उतरलेले आहेत. तूर्त मी एवढंच केलंय की आयटीपीओआर उभा दिसला की पहिलं पूर्ण चार्ज होईपर्यंत टक्क्यांच्या जागी रेघ दिसते. त्या रेघेबद्दलही तक्रारी येतात. ती काढा, असं मला परवाच पुन्हा सांगण्यात आलं. मी अजून काढलेली नाही.