घरची भाषा : मराठी

ऑगस्ट २०२२. सॅन होजेला येऊन आम्हाला नऊ दिवस झाले होते. घरात गाद्या होत्या, पलंग नव्हते. कुकर बॅगेतून आला होता, शिट्टी नाशिकलाच राहिली होती. शाळा तीन दिवसांवर आलेली आणि मी शाळेच्या ऑफिसात काउंटरपाशी उभी राहून कागद भरत होते. लसीकरणाचा दाखला, भाडेकरार, विजेचं बिल, पासपोर्टची झेरॉक्स. त्या गठ्ठ्यात मधेच एक साधंसं पान होतं, ‘होम लँग्वेज सर्व्हे’. चार प्रश्न. मूल बोलायला लागलं तेव्हा आधी कोणती भाषा शिकलं? घरी जास्त कोणत्या भाषेत बोलतं? तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता? घरातली मोठी माणसं कोणती भाषा बोलतात?

मी चारही ठिकाणी मराठी लिहिलं. आठवून बघायचीही गरज नव्हती.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची मैत्रीण (नऊ दिवसांत होते तेवढी मैत्रीण) चहाला आली. फॉर्मचं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. “अगं, इंग्लिश लिहायचं! आपल्यातले बहुतेक सगळे तेच लिहितात. आता टेस्ट घेतील, ईएलचा शिक्का बसेल आणि पोरगा चार वर्षं त्यात अडकेल.” ईएल म्हणजे इंग्लिश लर्नर. आमचा चिरंजीव नाशिकला ज्युनिअर केजीपासून इंग्लिश मीडियममध्ये होता. त्या प्रवेशासाठी त्याचा बाबा भर पावसात पहाटे पाचला रांगेत उभा राहिला होता. आणि त्याच्यावर ‘इंग्रजी शिकणारा’ असा शिक्का?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन केला. फॉर्म बदलता येईल का? पलीकडची बाई अतिशय गोड बोलली. हा फॉर्म कॅलिफोर्नियातल्या शाळेत पहिल्यांदा नाव घालताना एकदाच भरून घेतात, पण चुकून भरला गेला असेल तर टेस्टच्या आधी दुरुस्ती करता येते. “वॉज इट अ मिस्टेक?” तिनं विचारलं.

मी गप्प. मराठी ही चूक होती असं कसं सांगणार? “नो,” म्हटलं आणि फोन ठेवला. नवरा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलला.

टेस्टचं नाव ईएलपॅक. नाव घातल्यापासून तीस दिवसांत ती घ्यावीच लागते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग. गुण १५० पासून ६०० पर्यंत. ४५० किंवा वर मिळाले की मुलाला इंग्रजी येतं असं धरतात आणि विषय तिथेच संपतो. आमचं पत्र आलं त्यात ४३८ होते. बारा गुणांनी चिरंजीव इंग्लिश लर्नर झाले. दुसरीत.

पत्र वाचून नवऱ्याचा पहिला उद्गार होता, “लिहून दे, आम्हाला नको म्हणून.” मी वर्गशिक्षिकेला विचारलं. तिनं समजावलं की ईएलसाठीच्या खास तासांना पालक नकार देऊ शकतात, कायद्यानं तो हक्क आहे. पण शिक्का नाकारता येत नाही आणि दर वर्षीची टेस्टही चुकत नाही. म्हणजे औषध नको म्हणता येतं, केस पेपर फाडता येत नाही.

सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “इंग्रजी शिकायलाच तिकडं नेलंत ना त्याला? मग शिकवतायत तर शिकवू देत की.” यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं.

बारा गुण गेले कुठे हे मला घरीच कळलं. टेस्टचे नमुने नेटवर सगळ्यांना बघता येतात. मी एक चित्र त्याच्यासमोर धरलं आणि इंग्रजीत विचारलं, काय चाललंय यात? तो म्हणाला, “प्लेइंग.” पुढे? पुढे काही नाही. दोन खेळांपैकी तुला कुठला आवडेल? “दिस.” का? खांदे उडवले. याच मुलानं नाशिकला ‘माय मदर’वर दहा ओळी न अडखळता म्हणून बक्षीस आणलं होतं. दहाही ओळी बाईंनी फळ्यावर लिहून दिलेल्या. ‘तुला असं का वाटतं’ हे त्याला इंग्रजीत कुणी कधी विचारलंच नव्हतं. आणि मराठीत तरी आम्ही कुठे विचारत होतो? जेव, ऊठ, आवर, अभ्यास कर, एवढ्यावर आमचं भागत होतं.

पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट त्यानं मला पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितली. वर्गात लिहिताना चुकलं म्हणून त्यानं शेजारच्या मुलीकडे ‘रबर’ मागितलं. तिनं शोधशोध करून त्याला एक रबरबँड दिला. इथे खोडरबराला इरेझर म्हणतात. यानं रबरबँड घेतला, थँक्यू म्हटलं, खिशात ठेवला आणि चुकलेलं अक्षर बोटानं घासत बसला. कागदाला भोक पडलं. त्या दिवशी त्यानं परत कुणाकडे काही मागितलं नाही. ४३८ या आकड्यात तो रबरबँडसुद्धा असणार.

तर ईएलचा खास तास सुरू झाला. रोज सकाळी अर्धा तास, सहा मुलांचा गट. दोघं स्पॅनिश बोलणारी, एक व्हिएतनामी, एक अफगाणिस्तानातून आलेली मुलगी, एक तेलुगू आणि आमचं रत्न. मला वाटलं होतं ए फॉर ॲपल चालत असेल. तसं काही नव्हतं. शिक्षिका अर्धं वाक्य द्यायची, ‘आय थिंक अमुक, बिकॉज तमुक’, आणि मुलांनी ते पुरं करायचं. कशावरही. पाऊस चांगला की वाईट, मांजर बरी की कुत्रा. नोव्हेंबरात पोरगं जेवायच्या ताटावरून मला म्हणालं, “मला वाटतं भेंडी नको, कारण ती काल पण होती.” मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे पाहिलं. ‘कारण’ शिकून आला होता.

याच सुमारास शाळेतून एक सूचना आली, ईलॅकच्या सभेची. ज्या शाळेत २१ किंवा जास्त ईएल मुलं असतील तिथे त्यांच्या पालकांची समिती असावीच लागते, तिचं हे नाव. मी गेले. पिझ्झा होता, हे खरं कारण. स्पॅनिश पालकांसाठी दुभाषी बाई मागे बसून कुजबुजत होती, व्हिएतनामीसाठी वेगळा गृहस्थ होता. आपला दुभाषी नसतोच, आपण सगळे इंग्रजी जाणणारे समजले जातो.

मुख्याध्यापिकेनं पडद्यावर आकडे दाखवले. माझा पिंड बँकेतल्या कारकुनाचा, आकडे दिसले की मी सरसावून बसते. देशभरातल्या सरकारी शाळांत २०११ साली ईएल मुलं ४६ लाख होती, २०२१ साली ५३ लाख, म्हणजे दहातलं एकाहून थोडं जास्त. टेक्ससमध्ये पाचात एक, वेस्ट व्हर्जिनियात शंभरात एकसुद्धा नाही. कॅलिफोर्नियात सुमारे ११ लाख, साधारण पाचात एक, आणि त्यांतली दहापैकी आठ मुलं घरी स्पॅनिश बोलणारी. पण गंमत पुढेच होती. देशात आकडा चढत असताना कॅलिफोर्नियाचा उतरत होता. २०१४-१५ मध्ये इथे जवळजवळ १४ लाख ईएल मुलं होती.

माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हात वर केला. दुभाष्यानं तिचा प्रश्न इंग्रजीत सांगितला, “कमी झाले ते चांगलं की वाईट?”

त्या अख्ख्या सभेतला तोच एक खरा प्रश्न होता. मुख्याध्यापिका प्रामाणिक निघाली, म्हणाली, दोन्ही. मूल इंग्रजीत तयार झालं की शिक्का निघतो आणि ते या मोजणीतून बाहेर पडतं, ते चांगलं. पण राज्यातली एकूणच मुलं घटतायत. जन्म कमी होतायत आणि घरभाडं परवडेना म्हणून कुटुंबं राज्य सोडून चालली आहेत, तेही याच आकड्यात येतं. आणि मुलं गेली की पैसे जातात. २०१३ पासून राज्याचं सूत्र असं आहे की गरीब घरातलं, ईएल किंवा पालकांविना सांभाळलं जाणारं मूल असेल तर शाळांना त्याच्यामागे मूळ रकमेच्या वीस टक्के जास्त मिळतात. (“बघ, पैशासाठीच शिक्का मारतात,” असं नवरा घरी म्हणाला. बारा गुण कमी पडले होते ते पैशासाठी नव्हे, असं मी म्हणाले.)

मला मात्र आमच्या बिल्डिंगमधले फॉर्म आठवत होते. घरात वरण-भात मराठीत चालतो आणि कागदावर चारही ठिकाणी इंग्लिश. ती मुलं टेस्टलाच बसत नाहीत, मग तक्त्यात कुठून येणार? पडद्यावर भाषांची उतरंड होती, स्पॅनिश, व्हिएतनामी, मँडरिन आणि शेवटी ‘इतर’. त्या ‘इतर’मधे आमच्या शाळेतला मराठी मुलगा एकच होता. शाळेच्या पटांगणात संध्याकाळी मराठीत ओरडणारी पाच-सहा तरी पोरं मला माहीत होती.

सभा संपल्यावर ती प्रश्न विचारणारी बाई आणि मी पिझ्झ्याच्या टेबलापाशी मोडक्या इंग्रजीत बोलत राहिलो. तिचा धाकटा इथे पहिलीत, मोठा सातवीत. मोठा जन्मलाच या शहरात, बालवाडीपासून इथल्याच शाळेत, तरी अजून ईएल. वर्षानुवर्षं शिक्का राहिलेल्या अशा मुलांना इथे ‘लाँग टर्म’ म्हणतात. माझी समजूत होती की ईएल म्हणजे आमच्यासारखे, विमानातून उतरलेले. बहुतेक ईएल मुलं इथेच जन्मलेली असतात हे मला त्या टेबलापाशी कळलं. तिचा मोठा मित्रांशी इंग्रजीतच बोलतो, भांडतो, गेम खेळतो, पण टेस्टमधलं लिहिणं दर वर्षी राहतं. ती रात्री ऑफिसं साफ करायला जाते, नवरा ट्रक चालवतो. आमच्या घरी मात्र रात्री बाबा शेजारी बसून पुस्तक वाचून घेतो, शनिवारी लायब्ररी असते. शिक्का दोघांना एकच.

हे सगळं कुठून आलं म्हणून मी नंतर वाचत गेले. मुळात खटला आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरचा, सॅन फ्रान्सिस्कोचा निघाला. तिथे सुमारे १८०० चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि शाळा त्यासाठी काही वेगळं करत नव्हती. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं ‘लाउ विरुद्ध निकोल्स’मध्ये म्हटलं की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागवलं असं होत नाही. ज्याला वर्गात कळतच नाही त्याला शिक्षण मिळालंच नाही. माझ्या फॉर्ममधल्या त्या चार प्रश्नांची मुळं तिथपर्यंत जातात.

पुढचं पटकन सांगते, कारण त्यात वाट पाहण्याशिवाय काही नव्हतं. ईएलपॅकची वार्षिक टेस्ट फेब्रुवारी ते मे यांदरम्यान होते, चार पायऱ्यांची. २०२३ ला तिसरी पायरी. २०२४ ला चौथी, म्हणजे सर्वांत वरची. पण तेवढ्यानं सुटका नाही. वर्गशिक्षिकेचं मत लागतं, तिसरीच्या राज्य परीक्षेतले गुण बघतात आणि पालकांशी बोलणं व्हावं लागतं. ऑक्टोबरात वीस मिनिटांची मीटिंग झाली. शिक्षिकेनं कागद पुढे सरकवला, तुमचं काय म्हणणं? दोन वर्षांपूर्वी मी हा शिक्का खोडायला फोन केला होता, आणि आता पेन हातात धरून मला वाटलं, तो अर्धा तास बंद होणार का? तिला विचारलंही. ती हसली. आता त्याला गरज नाही, म्हणाली, पण पुढची चार वर्षं आम्ही त्याच्यावर लक्ष ठेवू. सही केली. राज्याच्या ११ लाखांतून, जो आकडा तोवर आणखी घसरला होता, एक कमी झाला.

नवऱ्यानं घरच्या ग्रुपवर टाकलं. दिरांनी लगेच अभिनंदनाचे पेढे पाठवले, इमोजीचे.

त्या फॉर्ममधला दुसरा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. घरी मूल जास्त कोणत्या भाषेत बोलतं? आज खरं उत्तर द्यायचं तर इंग्रजी. आम्ही मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो, मधूनमधून ‘कारण’ मराठीत येतं. म्हणून रविवारी त्याला मराठी शाळेत नेतो, वीस मैल गाडी चालवून, तक्रारी ऐकत. याच राज्यात २०१२ पासून बारावीच्या मुलांना दोन भाषा उत्तम येत असल्या तर पदवीपत्रावर खास मुद्रा मिळते, हे मी त्याला आमिष म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, “बिकॉज?”

धाकटीच्या वेळी मी पुन्हा त्याच काउंटरपाशी उभी राहिले. ती नाशिकचीच, आलो तेव्हा दोन वर्षांची होती. पुन्हा चारही ठिकाणी मराठी. या खेपेला नवरा शेजारी होता आणि काही बोलला नाही. बालवाडीच्या आधीच्या वर्गात २०२४ पासून टेस्ट घेत नाहीत, इतक्या लहान मुलांसाठी ती योग्य नाही असं ठरलं, त्यामुळे वर्षभर शांतता होती. यंदा ऑगस्टमध्ये बालवाडीत गेली आणि बोलावणं आलं.

टेस्ट घेणाऱ्या बाईचं बोट धरून ती खोलीत गेली, मागे वळूनही पाहिलं नाही. बराच वेळ दार उघडेना. बाहेर आल्यावर गाडीत बसता बसता म्हणाली, “आई, त्यांनी मला चित्रातलं सांगायला सांगितलं, मी सगळं सांगितलं. मग मी आजीच्या गुडघ्याचं पण सांगितलं.”

“इंग्लिशमध्ये?”

“थोडं थोडं.”

निकालाचं पत्र अजून यायचं आहे.