पहिले पंधराशे किलोमीटर: नव्या टर्बो पेट्रोलला वळण लावताना

हार घालून होतो, नारळ फुटतो, चाव्या हातात येतात आणि सेल्सवाला दारापर्यंत सोडायला येऊन हमखास सांगतो, "साहेब, पहिले हजार किलोमीटर ऐंशीच्या पुढे नेऊ नका." सल्ला प्रेमाचा असतो, पण अर्धाच खरा. इंजिनाला गाडीचा वेग कळत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात: मिनिटाला किती फेरे होताहेत (म्हणजे आरपीएम) आणि पिस्टनच्या डोक्यावर किती दाब पडतोय. सात गिअरच्या डीएसजीत (फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ताशी ८० ला इंजिन दीड हजार आरपीएमच्या आसपास पेंगत असतं. दुसऱ्या गिअरमध्ये त्याच ८० ला ते पार वर चढलेलं असतं. स्पीडोमीटरचा काटा मात्र दोन्ही वेळा एकाच जागी.

उदाहरणाला दोन लिटरचं टर्बो पेट्रोल घेऊ, म्हणजे गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएसमधलं ईए८८८ नावाचं इंजिन. फोक्सवॅगनच्या हँडबुकात नियम सरळ आहे: पहिल्या १००० किलोमीटरपर्यंत ॲक्सिलरेटरचं पेडल तळाला न्यायचं नाही आणि कमाल आरपीएमच्या दोन-तृतीयांशाच्या वर जायचं नाही, १००० ते १५०० च्या दरम्यान हळूहळू वाढवायचं. लाल पट्टा, म्हणजे इंजिनाची कमाल हद्द, साडेसहा हजाराला धरला तर ही मर्यादा ४३०० च्या जवळ येते. बीएमडब्ल्यू आपल्या एम या स्पोर्टी गाड्यांना २००० किलोमीटरपर्यंत ५५०० आरपीएम आणि ताशी १७० ची मर्यादा घालते. आकडे गाडीगणिक बदलतात, तेव्हा आपलं हँडबुक उघडा. पण काय करू नका ते हँडबुक सांगतं, काय करा ते फारसं सांगत नाही. खरी गोम तिथेच आहे.

सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात होनिंग करून (दगडाने बारीक घासून) तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी काढलेली असते. रेघांमध्ये ऑइल टिकून राहतं आणि मधले बारीक उंचवटे पिस्टनभोवतीच्या रिंगेशी घासून सपाट होतात. मेकॅनिक 'रिंगा बसल्या' म्हणतात ते याला. रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीला जेमतेम टेकलेली असते. तिला खरा रेटा देतो तो वर पेटलेला गॅस: तो पिस्टनच्या खाचेत रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. पेडल जितकं दाबाल तितका हा रेटा जास्त. म्हणून नवी गाडी बाळंतिणीसारखी जपत, पेडलला नुसता अंगठा लावून चालवली तर रिंगा नीट बसतच नाहीत. भिंतीवर राहिलेलं ऑइल भाजून त्याचा चकचकीत लेप चढतो, रेघा बुजतात, आणि मग रिंग काचेवरून घसरावी तशी घसरत राहते. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा झालं की गाडी ऑइल पीत राहते. शेवटचा उपाय म्हणजे इंजिन खोलून पुन्हा होनिंग.

तर मग आरपीएमची मर्यादा कशासाठी? पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा भार फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ६००० ला तो ३००० च्या चौपट असतो. नवे पृष्ठभाग अजून खडबडीत असताना घर्षणाची उष्णताही जास्त आणि एखाद्याच जागी साठणारी. तिथे ऑइलचा थर तुटला की ओरखडा कायमचा. थोडक्यात, या काळात इंजिनावर दाब हवा, फेरे नकोत.

इंटरनेटवर 'पहिल्याच दिवशी पिळून काढा' असं सांगणारे आहेत. त्यांचं दाबाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, लाल पट्ट्याबद्दलचं चूक. शिवाय आजच्या होनिंगमध्ये उंचवट्यांची टोकं कारखान्यातच छाटलेली असतात, त्यामुळे बसायचं काम मुळात थोडं असतं आणि पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच उरकतं. वारंटी पणाला लावण्याइतकं त्यात काही उरत नाही.

आता प्रत्यक्ष चालवणं. सकाळी लवकर निघा, रस्ता मोकळा हवा. स्टार्ट केल्यावर अर्धा-एक मिनिट पुरे. उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन गरम करत बसू नका, कारण त्या वेळात मिश्रण श्रीमंत, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलचं असतं आणि ते जादा पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. निघा आणि २५०० च्या खाली हळू चालवा. कूलंटचा काटा पाचेक मिनिटांत मध्यावर येतो, पण त्यावर विसंबू नका. ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. पडद्यावर ऑइलचं तापमान दिसत असेल तर ८० अंशांच्या आत काहीही जोराचं करायचं नाही. हा नियम रनिंगपुरता, म्हणजे नव्या गाडीला वळण लावायच्या काळापुरता नाही, गाडी असेपर्यंतचा.

ऑइल तापलं की गिअर हातात घ्या, म्हणजे स्टिअरिंगमागच्या पॅडलने. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पेडल अर्ध्यापर्यंत सावकाश दाबा आणि ३५०० पर्यंत ओढू द्या. मग पेडल पूर्ण सोडा, ब्रेक न लावता गाडी इंजिनावरच २००० पर्यंत उतरू द्या. हे सोडणं ओढण्याइतकंच महत्त्वाचं. पेडल सुटलं की सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम होतो, थोडं ऑइल वर रिंगांकडे खेचलं जातं, घासून निघालेली भुकटी धुतली जाते आणि रिंगा गारही होतात. आठ-दहा वेळा करा, मग पाच मिनिटं आरामात चालवा, पुन्हा करा. पाचशे किलोमीटर झाले की वरची हद्द ४००० ते ४३०० आणि पेडल दोन-तृतीयांश. हजारानंतर दर दीडशे किलोमीटरला पाचशे आरपीएम वाढवत न्या. पूर्ण पेडल दोन-तीन सेकंदांपुरतंच. लाँच कंट्रोलचं (जागेवरून पूर्ण जोराने सुटायच्या सोयीचं) नाव पंधराशेच्या आत काढू नका.

यात दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे डी मोडवर सोडलेला गिअरबॉक्स. तो मायलेजच्या नादात ५०-६० वेगालाच वरचा गिअर टाकतो, आणि तेराशे-चौदाशे आरपीएमवर ओव्हरटेकसाठी पाय दाबला की बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, उसळतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी फेरे आणि भारी दाब ही सर्वांत वाईट जोडी. स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि त्या एका ठोक्यात पिस्टनची कड किंवा रिंगेची खाच फुटू शकते. आधी एक-दोन गिअर खाली घ्या, मग पाय द्या. दुसरी चूक उलटी: पेडल तळाशी नेलं की 'टक' असा किकडाऊनचा खटका लागतो आणि बॉक्स थेट लाल पट्ट्याकडे नेतो. त्या खटक्यापर्यंत पाय जायलाच नको.

रस्ता निवडताना एक्सप्रेसवेचा मोह आवरा. समृद्धीवर क्रूझ कंट्रोल १२० ला लावून नाशिक ते नागपूर जाणं म्हणजे रनिंगचे साडेपाचशे-सहाशे किलोमीटर एकाच आरपीएमवर, एकाच दाबावर फुकट घालवणं. जायचंच असेल तर दर पाच-सात मिनिटांनी वेग आणि गिअर बदलत राहा. पुण्या-मुंबईतल्या ट्रॅफिकमध्ये सरपटणं त्याहून वाईट: दाब शून्य, आयडलिंग भरपूर, वर क्लच तापतो तो वेगळाच. सगळ्यात उत्तम शाळा म्हणजे घाट. ताम्हिणी, वरंध, खंबाटकी, कसारा, जवळचा कुठलाही. चढताना तिसऱ्या गिअरमध्ये आपोआप मध्यम दाब मिळतो, उतरताना इंजिन ब्रेकिंग, आणि आरपीएम सतत वर-खाली. फक्त मे महिन्याच्या दुपारी नको आणि गाडी माणसांनी व सामानाने गच्च भरून नको.

पेट्रोल ९५ ऑक्टेनच्या खालचं भरू नका. टाकीच्या झाकणाच्या आत छापलेलं असतं तेच प्रमाण, पंपावरच्या पोराचं नव्हे.

ब्रेक आणि टायर यांचंही रनिंग असतं, ते लोक विसरतात. नवे पॅड पहिले २००-३०० किलोमीटर पूर्ण पकडत नाहीत, टायरचा वरचा गुळगुळीत थर उडायला ५०० लागतात. डिलिव्हरी पावसाळ्यात असेल तर हे दोन्ही एकदमच अंगावर येतं. तीनशेनंतर मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे आरशात बघून, ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावा, मध्ये अर्धा-एक किलोमीटर गार होऊ द्या. शेवटी लगेच थांबून पाय पेडलवर रोवून बसू नका. तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे शंभरच्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. हवेचा दाबही डिलिव्हरीच्या दिवशीच तपासा. वाहतुकीसाठी जास्त भरलेली हवा कमी करायची राहून गेलेली पुष्कळदा सापडते.

आता ऑइल. दर पाचशे किलोमीटरला सपाट जागी, गरम इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची काठी) पुसा, घाला, बघा. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच नव्या इंजिनांत डिपस्टिकच नाही, पातळी पडद्यावर पाहावी लागते. फोक्सवॅगन गटाच्या हँडबुकात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत खप चालतो असं लिहिलेलं असतं, आणि पहिल्या पाच हजारांत तो याहून जास्तही असू शकतो. तेव्हा काठीवरची पातळी थोडी उतरली म्हणून घाबरू नका, पण टॉप-अपची बाटली डिकीत ठेवा, त्याच ग्रेडची. घालताना पाव-पाव लिटर घाला. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर तेही काढावं लागतं.

पहिला ऑइल बदल कंपनी १५,००० किलोमीटर किंवा एक वर्षावर सांगते. आमचं मत: पंधराशे ते दोन हजारावर स्वखर्चाने एकदा ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या, बिल जपून ठेवा. एम गाड्यांना खुद्द कंपनीच २००० किलोमीटरवर इंजिन ऑइल आणि डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) ऑइल बदलायला बोलावते, यातच काय ते आलं. काही कंपन्या मात्र पहिलं ऑइल लवकर काढू नका म्हणतात. तसं छापलेलं असेल तर त्यांचं ऐका. बदलताना ड्रेन प्लग (तळातून ऑइल काढायचा बोल्ट) किंवा त्याचं वॉशर नवंच लावायला सांगा.

आणि जुना फिल्टर मागून घ्या. त्याच्या कागदाच्या घड्या ब्लेडने कापून उन्हात पसरा. ऑइलमध्ये चंदेरी चकाकी, म्हणजे बोटावर घेतली तर दिसते पण खरखरीत लागत नाही अशी, ती ठीक. घड्यांत अडकलेले सिलंटचे (सांधे बुजवायच्या लेपाचे) करडे, रबरासारखे तुकडे एखाद-दुसरे असतात, तेही ठीक. नखाने उचलता येईल असा धातूचा कण मात्र ठीक नाही. त्यावर लोहचुंबक फिरवा: चिकटला तर लोखंड-पोलाद, नाही चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा बेअरिंगकडे संशय. फोटो काढा, फिल्टर झिपच्या पिशवीत घाला आणि त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला लेखी कळवा.

धुराचंही बघून ठेवा. रात्रभर उभी राहून सकाळच्या स्टार्टला निळा फुत्कार एकदाच आला तर ऑइल व्हॉल्व्हच्या सीलवरून उतरतंय. जोर देताना निळा धूर येत राहिला, आणि काठी तीन हजारांनंतरही तितक्याच वेगाने उतरतेय, तर बहुधा रिंगा बसलेल्या नाहीत. सर्व्हिसवाल्यांकडून ऑइल भरून, ड्रेन प्लग सील करून हजार किलोमीटरची खप चाचणी करून घ्या. वारंटीच्या दाव्याला तो आकडा लागतो, 'गाडी ऑइल खाते' हे वाक्य नाही.