पावसाळी प्रायमर

बाहेर पिरपिर थांबेना, म्हणून आज कोथरूडच्या फ्लॅटमध्येच, मास्क लावून, १/७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मिग-२१ लढाऊ विमानाच्या मॉडेलला प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारला. लॅकर (उग्र थिनरवाला) प्रायमर प्लॅस्टिकला जास्त घट्ट धरतो, मान्य. पण त्याचा वास! आईने विमानासकट मला जिन्यात बसवलं असतं. म्हणून करडा अ‍ॅक्रिलिक (पाण्यावर आधारलेला). आधी मॉडेल भांड्याच्या साबणाने धुतलं. भाग साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेल राहिलं की हा प्रायमर मास्किंग टेपबरोबर सोलून येतो. एअरब्रशचा (रंग फवारायच्या पेनचा) दाब २० पीएसआयच्या आसपास, हात पातळ पातळ. दुसऱ्या हातानंतर पंखाच्या सांध्यातली फट स्वच्छ दिसली (करडा रंग काही लपवत नाही). हाताला लवकर कोरडा लागतो खरा, पण पॉलिश पेपर निदान २४ तास नाही. या दमट हवेत मी ४८ धरतो. तोवर मॉडेल आईच्या ताब्यात, पोह्यांच्या डब्याखाली.