दुपारचे बुडबुडे

मे महिन्यात सोलापुरात भर दुपारी गच्चीवर जाणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. वाळत घातलेल्या कुरडया आत घ्यायच्या म्हणून मी गेलो आणि हौदापाशी अडकलो. गप्पी माशांसाठी त्यात हायड्रिला ही पाणवनस्पती सोडलीय. उजेडात अन्न बनवताना ती ऑक्सिजन सोडते. सकाळी तिच्या तुटक्या देठातून त्याच्याच बुडबुड्यांची माळ सुटत होती. आता ऊन रणरणतंय, आणि बुडबुडा मात्र एखाददुसरा.

बुडबुडे मोजायची खोड शाळेतली. कंबर तलावातून कुणीतरी पिशवी भरून हायड्रिला आणायचं. चिखलाचा वास शेवटच्या बाकापर्यंत. चंचुपात्रात उलटं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. तिला कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून सर चिमूटभर खायचा सोडा टाकायचे आणि आम्ही मोठमोठ्याने मोजायचो. एकदा त्यांनी गरम पाणी ओतलं आणि बुडबुड्यांची नुसती झुंबड उडाली. वर्गाने टाळ्या पिटल्या. त्यातले बरेचसे पाण्यात विरघळलेल्या हवेचेच असणार, पाणी तापलं की ती निघतेच. पण टाळ्या पडल्यावर कोण कशाला बोलतंय!

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेतल्या थंडीत ही हायड्रिलाबाई निवांत असते. पाणी 30 अंशांकडे सरकलं की जोमात येते. त्याच्या फार वर गेलं की तिची विकरं, म्हणजे एन्झाइम, ढेपाळतात. रुबिस्को नावाचं विकर तर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पूर्वीपेक्षा जास्त वेळा धरू लागतं. वर पाणी तापलेलं, त्यात वायू मावतो कमी: 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन, 30 ला जेमतेम साडेसात. हायड्रिला तशी वस्ताद. गर्मी वाढली, कार्बन डायऑक्साइड आटला, की कार्बन गोळा करायची उसाची युक्ती वापरते. आपल्या जिल्ह्यात राहून ऊस न शिकली तरच नवल.

पण श्वसन उन्हाने थांबत नाही, वाढतच जातं. रात्री तर ही कमावत काहीच नाही, फक्त ऑक्सिजन खाते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात, आणि लोक म्हणतात, कुणीतरी औषध टाकलं.

"काय करायलास रे उन्हात?" जिन्यातून आई.

"बुडबुडे मोजायलोय."

"कुरडया आण आधी."